आचंद्रार्काचे वचन आणि इनाम कमिशन

कोकणात आणि देशावर गावच्या शिवेवर, देवळाच्या आवारात किंवा एखाद्या पडक्या बारवेच्या काठी अजूनही अधूनमधून एक विलक्षण दगड उभा दिसतो. दान आचंद्रार्क, म्हणजे चंद्रसूर्य असेतोवर, चालावे म्हणून त्याच्या माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात, कधी त्यांच्यामध्ये मंगल कलश असतो, मध्यभागी लेखाच्या काही झिजलेल्या ओळी असतात आणि तळाशी गाढव व स्त्री यांचे असे एक शिल्प असते की, ते पाहून सभ्य माणसाने नजर दुसरीकडे वळवावी. लोक या दगडास गधेगाळ म्हणतात. शिलाहारांच्या अमदानीतील असे अनेक दगड उपलब्ध आहेत. अलिबागेजवळच्या अक्षी येथील दगड मराठीच्या आरंभकाळच्या लेखांत गणला जातो, तर मुंबईत परळ येथे सापडलेला लेख इ. स. ११८७ च्या सुमाराचा आहे. शिल्पाचा आशय लेखातही स्पष्ट शब्दांत सांगितलेला असतो: राजाने हे जे दान दिले आहे ते जो कोणी मोडील, त्याच्या मातेची अशी विटंबना होवो. ज्या स्त्रीने वचन दिले नाही आणि मोडलेही नाही, तिच्या अब्रूवर सगळ्या शपथेचा भार टाकण्याची ही रीत क्रूर होती, हे आज कोणीही निःसंकोचपणे म्हणेल. परंतु ज्या समाजाला इतकी अमंगळ शिवी दगडावर कोरून, तिच्या माथ्यावर चंद्रसूर्य साक्षीला बसवावेसे वाटले, त्या समाजाला वचनभंगाची केवढी धास्ती होती, हेही त्यातूनच दिसते.

ही शिवी नेमकी कोणाला उद्देशून आहे, याचा विचार केल्यावर या दगडांचा खरा अर्थ उलगडतो. शेजारचा कुणबी दान दिलेली जमीन बळकावील, चोर गावात शिरेल, अशी भीती दात्याला वाटत नव्हती. त्यांच्या बंदोबस्ताला दंड आणि शिपाई पुरेसे होते. भीती होती ती पुढे गादीवर येणाऱ्या राजाची, मग तो दात्याच्याच वंशातला असो की त्याचा वंश उच्छिन्न करून आलेला असो. म्हणून तर जुन्या ताम्रपटांच्या शेवटी जे श्लोक ठराविकपणे येतात, ते भावी राजांना उद्देशूनच असतात. भूमिदान करणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहतो आणि ते हरण करणारा तितकीच वर्षे नरकात खितपत पडतो; स्वतः दिलेली असो की दुसऱ्याने दिलेली असो, भूमी जो परत घेतो तो विष्ठेतील कृमी होतो; असे त्या श्लोकांचे तात्पर्य आहे. राजा वचन देत होता ते ब्राह्मणाला किंवा देवस्थानाला. परंतु त्या वचनाचे ओझे तो टाकीत होता तो आपल्या वारसाच्या शिरावर, आणि वारसाला न्यायासनापुढे उभे करील असा कोणी मनुष्य पृथ्वीवर नसल्यामुळे ते काम तो नरकावर आणि लोकलज्जेवर सोपवीत होता.

मराठी राज्यातील इनामपत्रांत ही शिवी सौम्य झाली, पण तिची जागा घेणारी वाक्ये अधिक काटेकोर झाली. ज्याने अशी दोनचार सनदी पत्रे मोडीतून वाचली असतील, त्याच्या कानांत त्यांची लय कायमची बसलेली असते. अमुक मौजे येथील अमुक चावर जमीन ‘कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप सहित’, हक्कदार व इनामदार खेरीज करून, इनाम करार करून दिली असे; ती यांचे यांस व यांचे पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने चालविणे. एवढे लिहून झाल्यावर देशमुख, देशपांडे आणि गावच्या मोकदमास दोन ताकिदी दिलेल्या असतात. एक अशी की, ‘प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे’. आणि दुसरी अशी की, या पत्राची नक्कल लिहून घेऊन अस्सल पत्र भोगवट्यासाठी इनामदारास परत देणे. पहिल्या ताकिदीतील सात्त्विक शहाणपण वाचकाने ध्यानात ठेवावे. दिलेल्या शब्दाचा पुरावा शब्द घेणाराकडून पुन्हा पुन्हा मागणे, हेच वचनभंगाचे पहिले पाऊल असते, हे सनद लिहिणाऱ्या कारकुनास आणि तिच्यावर मोर्तब करणाऱ्या राज्यकर्त्यास पुरते ठाऊक होते.

मराठी राज्यात वचने मोडली गेली नाहीत, असे म्हणणे मात्र इतिहासाशी प्रतारणा करणे होईल. बेलभंडार उचलून केलेले करार दुसऱ्या मोहिमेपर्यंत टिकले नाहीत, याची उदाहरणे आमच्या बखरींत आणि पत्रव्यवहारांत वाटेल तितकी आहेत. इनामांच्या बाबतीत तर खजिना रिकामा पडला की सरकारची दृष्टी प्रथम या माफ जमिनींकडे वळे. इनामतिजाई या नावाने इनामाच्या वसुलाचा तिसरा हिस्सा घेण्याची पद्धत पेशवाईतलीच आहे. धन्याची इतराजी झाली म्हणजे वतन जप्त होई, आणि नजर भरली, कोणा शास्त्र्याची किंवा सरदाराची भीड पडली म्हणजे ते मोकळे होई. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटले आहे आणि नवी वृत्ती देण्याविरुद्ध राजाला निक्षून बजावले आहे. कारण दिलेली भूमी परत घेणे धर्माच्या दृष्टीने दुर्घट आणि न घेणे राज्याच्या दृष्टीने घातक, हा पेच त्या मुरब्बी मुत्सद्द्याने अनुभवाने ओळखला होता. तरीही त्या जप्तीला एक मानवी मर्यादा होती. ज्याचे वतन जप्त झाले तो माणूस हुजुरात जाऊन धरणे धरू शकत होता, आणि जप्तीचा हुकूम देणाऱ्यास आपण काही अकृत्य करीत आहोत याची जाणीव असे. क्रोधाने, लोभाने किंवा अडचणीने शब्द मोडला जात होता. शब्द मोडण्याचे शास्त्र अजून कोणी रचले नव्हते.

ते रचले गेले इंग्रजी अमलात, आणि तेही एका फार मोठ्या वचनानंतर. १० फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि दुसऱ्याच दिवशी ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने आपला सुप्रसिद्ध जाहीरनामा काढला. पेशवा दुसरा बाजीराव अजून मोकळा फिरत होता. आष्टीची लढाई व्हावयाची होती. मुलूख जिंकला गेला होता असे नव्हे, तर जिंकला जाण्याच्या बेतात होता. अशा वेळी त्या चतुर पुरुषाने मराठी मुलखाला सांगितले की, बाजीरावास राज्यावरून दूर केले जाईल आणि साताऱ्याच्या महाराजांना राज्य दिले जाईल. सर्वांची स्थावरजंगम मालमत्ता सुरक्षित राहील. सर्व वतने, इनामे, वर्षासने, तसेच धर्मादाय व देवस्थाने यांचे संरक्षण होईल. मक्त्याने वसूल देण्याची जुलमी पद्धत बंद होईल. आणि जे लोक दोन महिन्यांच्या आत बाजीरावाची चाकरी सोडून घरी परततील त्यांस उपद्रव होणार नाही. मराठी राज्य नुसत्या तोफांनी पडले नाही. या कागदाने ते पाडण्यास फार मोठा हातभार लावला. इनाम आणि वतन शाबूत राहणार म्हटल्यावर कितीएक सरदार, देशमुख, पाटील आणि भटभिक्षुक घरी बसले. म्हणजे हा जाहीरनामा काही दयेने दिलेले दान नव्हता, तो एक सौदा होता, आणि त्यातील आपली बाजू मराठी मुलखाने ताबडतोब पुरी केली होती.

एल्फिन्स्टनच्या हयातभर नव्हे, तरी त्याच्या कारकिर्दीत हे वचन बहुतांशी पाळले गेले. नवा मुलूख बिथरू नये ही त्याची नीती होती आणि जुन्या घराण्यांविषयी त्याला खरोखरीचा आदरही होता. परंतु एक पिढी उलटली, मुलूख निवला, जाहीरनाम्याच्या वेळी असलेले साहेब लोक विलायतेस गेले किंवा मरण पावले, आणि मुंबई सरकारच्या हिशेबनिसांना माफ जमिनींचा न येणारा वसूल दिसू लागला. त्यांच्या हातात एक सबळ कारणही होते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. राज्यक्रांतीच्या गोंधळात बनावट सनदा पुष्कळ झाल्या होत्या. जुना कागद, जुनी शाई, एखाद्या मृत कमाविसदाराचा शिक्का आणि गावच्या कुलकर्ण्याची मेहेरबानी एवढ्या सामग्रीवर इनामे उभी राहिली होती, आणि खऱ्या इनामदाराच्या शेजारी खोटा इनामदार तितक्याच ताठ मानेने बसला होता. १८४३ मध्ये दक्षिण मराठा मुलखात, धारवाडाकडे, इनामांच्या चौकशीस प्रारंभ झाला. आणि १८५२ च्या अकराव्या ॲक्टाने ही चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनला कायद्याचे सामर्थ्य मिळून दक्षिण, खानदेश आणि दक्षिण मराठा मुलूख एवढा सारा प्रदेश त्याच्या कक्षेत आला.

कमिशनची कार्यपद्धती शांत आणि शिस्तीची होती. म्हणूनच ती इतकी जाचक ठरली. इनामदारास नोटीस येई. त्याने कचेरीत हजर व्हावे, आपली कैफियत लिहून द्यावी, अस्सल सनदा रुजू कराव्यात, वंशावळ मांडावी आणि भोगवट्याचा पुरावा द्यावा. मग कारकून त्याच्या कागदांचा पेशवे दप्तरातील हिशेबांशी मुकाबला करीत. दप्तरात दाखला सापडला नाही तर संशयाचा फायदा सरकारास मिळे. सनद कोणी दिली हे पाहिले जाई, आणि देणाऱ्या मामलतदारास किंवा सरदारास इनाम देण्याचा अधिकार नव्हता असे ठरले की सनद खरी असूनही निरुपयोगी होई. कायद्याच्या नियमांप्रमाणे इंग्रजी अमलापूर्वी साठ वर्षांचा अखंड भोगवटा असून अमल बसतेवेळी मूळ पुरुषाचा नातू किंवा त्या नातवाचा औरस पुरुषवंशज कबजात असेल, तर पुरुषवंश चालेल तोवर इनाम चाले. त्याहून उण्या भोगवट्यास मर्यादित मुदतीचीच सवलत मिळे. आणि सर्वांत विशेष हे की, कमिशनच्या निकालाविरुद्ध दिवाणी कोर्टाची दारे बंद होती. दाद मागावयाची ती सरकाराकडेच.

येथे क्षणभर थांबून या व्यवस्थेची रचना पाहावी. वचन देणारे सरकार. वचन काय होते याचा अर्थ लावणारे सरकार. पुराव्याचे दप्तर ज्याच्या कुलपात तेही सरकार. आणि अपील ऐकणारेही सरकारच. १८१८ च्या जाहीरनाम्यात सनद दाखवा, वंशावळ आणा, साठ वर्षे मोजा, असा एकही शब्द नव्हता. तीस-पस्तीस वर्षांनंतर वचन घेणाऱ्याच्या माथी पुराव्याचा सारा बोजा टाकला गेला. ज्या घरात तीन वेळा वाटण्या होऊन सनद धाकट्या पातीकडे गेली, ज्या घराचे कागद पेंढाऱ्यांच्या धामधुमीत जळाले, ज्या विधवेच्या पेटीतील सनदेची वाळवीने चाळण केली, त्या घराने ‘प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे’ या ओळीच्या भरवशावर पिढ्या काढल्या होत्या. सरकारने नेमका तोच आक्षेप घेतला. वचन मोडले असे सरकारने कधीच म्हटले नाही. वचन होते हे तुम्ही सिद्ध केले नाही, एवढेच म्हटले. गधेगाळ कोरविणाऱ्या राजाने ज्या भावी राजाची कल्पना केली होती तो दांडगाईने भूमी हिरावणारा होता. कचेरीत बसून, कागद तपासून, निकालाची नक्कल रीतसर देऊन भूमी घेणारा राजा त्याच्या कल्पनेत आला नव्हता.

जॉन के या इंग्रज इतिहासकाराने सत्तावनच्या उठावाच्या इतिहासात नमूद केले आहे की, कायद्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ३५,००० लहानमोठ्या इनामांचे दस्तऐवज मागविण्यात आले आणि त्यांपैकी तीन पंचमांशांवर जप्तीचा निकाल झाला. त्यांत जहागीरदार थोडे होते. दोन चावरांचा जोशी, मशिदीच्या दिवाबत्तीचा मुजावर, देवळाचा गुरव, युद्धात पडलेल्या शिपायाच्या वंशातला कोणी मराठा, अशीच माणसे बहुसंख्य होती. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांनीही या खात्यात असिस्टंट इनाम कमिशनर म्हणून काम केले. ज्यांचे वडील पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस होते आणि ज्यांनी स्वतः आळशी वृत्तिभोगी वर्गावर लेखणीचे कोरडे ओढले, त्यांनी त्या टेबलाशी बसावे, यात त्या काळाचे सारे गुंतागुंतीचे स्वरूप एकवटले आहे. इनामदारी ही काही निर्दोष संस्था नव्हती. शेतात राबणाऱ्या कुळाचा सारा वाड्यात गेला काय आणि कचेरीत गेला काय, त्याच्या कणगीत पडणारे धान्य बहुधा तेवढेच राहिले. पण कुळाच्या नावाने कमिशनने एकही इनाम घेतले नाही. घेतले ते सरकारच्या जमेसाठी.

याच सुमारास साताऱ्यालाही हाच अनुभव आला. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने कंपनीने प्रतापसिंह महाराजांना आणि त्यांच्या वारसांना राज्य दिले होते. १८३९ मध्ये महाराजांवर तहभंगाचा आरोप ठेवण्यात आला. मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास येऊन, दोष कबूल करून लिहून द्या म्हणजे गादी राहील, असे सांगत असता महाराजांनी गादी सोडणे पत्करले, पण आपण शब्द मोडला असे खोटे लिहून देण्याचे नाकारले. काशीस अटकेत त्यांचा अंत झाला. त्यांच्या जागी बसविलेले बंधू शहाजी महाराज ५ एप्रिल १८४८ रोजी वारले, आणि त्यांनी घेतलेला दत्तक नामंजूर करून लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क आणि रेसिडेंट बार्टल फ्रियर यांनी याविरुद्ध मत दिले होते, ही गोष्ट त्या दोघांच्या लौकिकात जमा केली पाहिजे. येथेही युक्ती तीच: ‘वारस’ या शब्दात दत्तक येतो की नाही, हे ठरविण्याचा अधिकार तह करणाऱ्या दोन पक्षांपैकी एकानेच आपल्याकडे घेतला.

नरगुंदला या साऱ्या धाग्यांची एकच गाठ पडली. तेथील संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांस संतान नव्हते. दत्तकाची परवानगी त्यांना मिळाली नाही. दक्षिण मराठा मुलखाचा पोलिटिकल एजंट चार्ल्स मॅन्सन हा पूर्वी इनाम कमिशनच्या कामावर होता, आणि त्या कामामुळे त्याचे नाव त्या बाजूस कटु झालेले होते. मे १८५८ च्या अखेरीस सुरेबान येथे बाबासाहेबांच्या लोकांनी त्याला रात्री गाठून ठार केले आणि त्याचे शिर नरगुंदच्या वेशीवर लावले. जूनमध्ये बाबासाहेबांस बेळगावास फाशी देण्यात आले आणि संस्थान गेले. या हत्येचे समर्थन मला करावयाचे नाही. पण जेथे दाद मागण्याची जागा प्रतिवाद्याच्याच घरात आहे तेथे गाऱ्हाणे कोणत्या वाटेने बाहेर पडते, हे नरगुंदच्या वेशीने दाखविले.

१ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात कंपनीने केलेले तह व करारमदार काटेकोरपणे पाळण्याचे आणि वडिलोपार्जित जमिनींवरील लोकांची ममता मानण्याचे अभिवचन पुन्हा द्यावे लागले, यातच मधल्या काळाची कबुली आहे. पुढे १८६३ च्या दोन कायद्यांनी चौकशीचा ससेमिरा बहुतांशी संपला: ज्या इनामदारास पुराव्याच्या फेऱ्यात पडावयाचे नव्हते त्याने आकाराचा ठराविक अंश जुडी व नजराणा म्हणून द्यावा आणि निश्चिंत व्हावे. जुन्या इनामतिजाईचीच ही सुधारून बेतलेली आवृत्ती म्हणता येईल. मात्र आता ती कायमची होती.

कमिशनच्या हातून एक उपकार नकळत घडून गेला. इनामदारांचे दावे तपासण्यासाठी पेशवे दप्तर जपणे, लावणे आणि रुमालांत बांधणे सरकारास भाग पडले. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात जे सुमारे २७,००० मोडी रुमाल आहेत आणि ज्यांतून रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतर निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले, ते या जप्तीच्या गरजेपोटी वाचले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई विधिमंडळाने परगणे व कुलकर्णी वतने, नंतर जात इनामे आणि पुढे इतर वतने एकामागून एक रद्द केली. तीही एका अर्थी आचंद्रार्काच्या वचनाची समाप्तीच होती, आणि ज्या घरांना तिचा फटका बसला त्यांनी इनाम कमिशनची आठवण काढली. मला हे साम्य खोटे वाटते. विधिमंडळाने उघड सभेत, कारण सांगून, लोकांच्या प्रतिनिधींकरवी ही संस्था मोडली. कोणा विधवेस तिची सनद खरी नाही असे सांगितले नाही. राज्याला जुने वचन संपवावे लागते असे प्रसंग येतात, आणि तेव्हा ते मोडतो आहोत असे स्पष्ट म्हणण्याचे धैर्य राज्याने दाखवावे. कमिशनचा अपराध इनामे घेण्याचा कमी आणि वचन पाळीत असल्याचे सोंग करून ती घेण्याचा अधिक होता, असा माझा निर्णय आहे.

या घडामोडींची सरकारी बाजू दप्तरात सुरक्षित आहे. दुसरी बाजू घराघरांतल्या पेट्यांत आहे. सनद, कैफियतीची नक्कल, कमिशनचा निकाल, जुडीची पावती, असले कागद अजून पुष्कळ घरांच्या माळ्यावर पडून आहेत, आणि मोडी वाचणारे माणूस घरात उरले नाही म्हणून ते रद्दीत जात आहेत. ज्यांच्या घरी असा एखादा रुमाल असेल त्यांनी तो फेकू नये; पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा जवळच्या कोणा मोडी जाणकाराकडे नेऊन दाखवावा, आणि त्याची नक्कल तरी अवश्य होऊ द्यावी.